साहेबाच्या बर्गरवरची मिरची

काल नातवाने बर्गर मागवला, आणि त्याच्या वासाने मला साठच्या दशकातलं तारापूर आठवलं. वीजकेंद्र बांधायला आलेल्या अमेरिकन साहेबाकडे मी नवीनच स्वयंपाकाला लागले होते. मडमेने शिकवलेल्या खिम्याच्या टिक्क्या पावात घालताना चाखल्या, तर अगदी मिळमिळीत! मी निखाऱ्यावर मिरच्या भाजून वर ठेवल्या. भांडी घासणारी माझी जाऊ घाबरली, "अगो, काम जाईल तुजं!" "बिनमिरचीचं आमी आजाऱ्याला देतो. साहेब तर धडधाकट हाय," मी म्हटलं. पहिल्याच घासाला साहेबाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी पदर खोचून निघायच्या तयारीत होते, तोच त्याने नाक पुसत बशी पुढे केली आणि मिरचीकडे बोट दाखवलं. नातवाचा बर्गर मी उघडून पाहिला, मग गॅसवर मिरची धरली. पोरगा काही आजारी नाही.