तिसऱ्या मजल्यावरची अकरा होलं

२०१६ साल. मी बासष्ट वर्षांचा. त्या साली मी जे केलं ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही — आणि माझ्या पायताणाच्या आवाजावरून ती माझं पोट बिघडलंय का ते सांगते. तुम्ही परके. म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतं. बघू.

माझं काम फायरच्या पाइपांचं. मोठ्या इमारतीत छताखालून लाल पाइप जातात, त्यांना जागोजागी छोटी तोंडं असतात, आग लागली की त्यातून आपोआप पाणी उडतं. ते स्प्रिंकलर. ते मी बसवायचो. शाळा दुसरीपर्यंत, आकडे वाचता येतात, ड्रॉइंग नजरेनं कळतं, त्यावरचं इंग्रजी नाही. पण नाशकात द्वारका चौकापासून पुढं कुठंही विचारा, संपत मिस्त्रीचं काम कसं ओळखायचं? पाइप भिंतीतून पार होतो तिथं बघायचं. भोवतीची फट मी सिमेंटनं अशी बुजवायचो, वरून बोट असं फिरवायचो, की पाइप भिंतीतूनच उगवलाय म्हणाल. मुंगी शिरायची नाही. फट म्हणजे हलगर्जी — हे माझ्या उस्तादानं मला कानफटात देऊन शिकवलं होतं.

मुद्द्यावर येतो. येतोय.

गंगापूर रोडला एक हॉस्पिटल उभं राहत होतं. तिथल्या पाइपांचं डिझाइन अपर्णा नावाच्या इंजिनिअर बाईनं केलेलं. माझ्या धाकट्या लेकीपेक्षा लहान. तिनं त्यात भूकंपाचा विचार घातला होता. नाशकात भूकंप? मी हसलो. ती म्हणाली, पेठ-सुरगाण्याकडं जमीन हलते तेव्हा तुमच्याकडं भांडी वाजत नाहीत का? वाजतात, खरं आहे.

तिनं पाइपांना स्लॅबपासून तिरके लोखंडी आधार द्यायला लावले. काही आडव्या धक्क्यासाठी, काही पाइपाच्या लांबीनं येणाऱ्या. स्लॅब हलला तर पाइप त्याच्याबरोबर हलावा, झोक्यासारखा वेगळा नाही. हे पटलं. पण तीच बाई भिंतीपाशी आली की म्हणे — इथं मोकळं सोडा. मोठ्या पाइपाला चहूबाजूंनी दोन इंच, बारकाला एक. मध्ये फक्त आग अडवणारी मऊ लोकर भरायची, दाबली की दबणारी. म्हणजे एकीकडं धर म्हणायचं, दुसरीकडं सोड म्हणायचं! ही कसली विद्या?

मी तसं विचारलंही, सगळ्या गँगसमोर. तिची बोलती बंद करायची होती, दुसरं काय. ती म्हणाली, "काका, चांदवडच्या एसटीत उभे राहता तेव्हा वरचा दांडा धरता ना? गाडीबरोबर हलता, पडत नाही. पण मान खिडकीच्या गजात अडकवलीत आणि गचका बसला, तर?"

"म्हाताऱ्याची मान हातात यायची!" माझा वेल्डर दिलीप ओरडला. सगळे हसले. तीही हसली. मी हसलो नाही.

चाळीस वर्षं काम केलेला माणूस त्या एका हसण्यानं असा चिडतो का? चिडतो. पण सगळं त्या हसण्यावर ढकलणार नाही. मला त्या फटी बघवतच नव्हत्या. तिसऱ्या मजल्यावर उभं राहून वर बघितलं की वाटायचं, उद्या कुणी म्हणेल — हे संपतचं काम? शेजारून आभाळ दिसतंय!

एका दुपारी गँग जेवायला खाली गेली. मी शिडी लावली. लोकर काढली, सिमेंट कालवलं आणि अकरा होलं बुजवली. नुसत्या हातानं, थापी न लावता. बोट फिरवताना किती बरं वाटलं काय सांगू.

दोन दिवसांनी खोट्या छताची पानं लावायला माणसं आली. ती लागली की पाइप झाकले जातात, मग कुणाला काही दिसत नाही. बाई तपासणीचा कागद घेऊन आली. "काका, तिसरा मजला सगळा मोकळा आहे ना? खरं तर मी चढून बघायला हवं."

मी म्हणालो, "मग चढा. चाळीस वर्षांत माझ्यामागं शिडी लावून कुणी तपासलं नाय. तुम्ही तपासा."

ती ओशाळली. "तसं नाही हो काका. तुम्ही म्हणता म्हणजे झालं." आणि तिथंच, माझ्याच खोक्यावर कागद ठेवून, तिनं सही केली.

ही ती गोष्ट. सिमेंट नव्हे — ती सही. सिमेंट ही चूक होती, अडाणीपणा म्हणा. शिडी मात्र मी समजून-उमजून अडवली.

पुढं काही महिन्यांनी एका सकाळी घरची भांडी वाजली. पाच-सहा क्षण. बायको म्हणाली, मांजर असेल. मला मांजर दिसेना, मला एसटीतली मान दिसायला लागली. आणि मला खरोखर कुतूहल वाटलं, भीती नंतर आली. खरंच तुटतो का हो पाइप? लोखंड ते! मी स्वतः बघायचं ठरवलं.

परसात द्राक्षाची दोन क्रेट घेतली. एकात एक इंची पाइप सरळ आरपार ठेवला आणि भोवती सिमेंट ओतलं. दुसऱ्यात तसंच, पण पाइपाभोवती एक इंच फट ठेवून. चार दिवस पाणी मारलं. बायको दारातून म्हणाली, "लोक तुळशीला पाणी घालतात, तुम्ही क्रेटला घाला." पाचव्या दिवशी पाइपांत पाणी भरून टोकं बंद केली, एक टोक वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं, आणि क्रेट पहारीनं पुढं-मागं ढकलायला लागलो. फटीचं क्रेट हललं, पाइप आपला जागच्या जागी. मग बुजवलेलं घेतलं. दहा-बारा हिसक्यांत आट्यांपाशी बारीक चीर गेली आणि पाणी थेट माझ्या तोंडावर.

मी काय केलं असेल? टाळी वाजवली. देवाशपथ. एवढं सुंदर कळलं होतं! भिंत एकीकडं जाते, स्लॅब दुसरीकडं, आणि मधल्या मध्ये पाइपाची मान. पोरगी अक्षर न् अक्षर खरं बोलली होती.

मग अंगावरचं पाणी गार लागलं. भूकंपात आग लागली तर त्या तिसऱ्या मजल्यावर पाणी आगीवर पडणार नाही, तुटल्या जागी वाहून जाईल. खाटांवर माणसं असतील, उठता न येणारी. आणि कागदावर सही तिची. अकरा होलं आजही तशीच आहेत — लिफ्टमधून बाहेर आलं की डाव्या हाताच्या बोळात सात, शेवटच्या मोठ्या खोलीच्या भिंतीत चार. तिचा नंबर माझ्याकडं होता. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चांदवडला गेलो, हायवेलगतच्या एका गोदामाच्या कामावर. गँग नवीन होती, बाईला ओळखणारं कुणी नव्हतं. मी खडू घेतला आणि भिंतीवर पाइपापेक्षा चहूबाजूंनी दोन इंच मोठं गोल काढलं. म्हणालो, एवढं होल पाडा, आणि सिमेंट लावाल तर हात तोडीन. का, म्हणून त्यांनी विचारलं. मी त्यांना एसटी सांगितली, दांडा सांगितला, खिडकीतली मान सांगितली. तिथला वेल्डर मान हलवत म्हणाला, "मिस्त्री, हे डोकं तुमचंच!"

मी म्हणालो, "मग? चाळीस वर्षं काय झक मारली?"