मरणाचं कार्ड

धुळ्याच्या बाजारातल्या त्या म्हाताऱ्या रद्दीवाल्यानं माझं केलं तेवढं नुकसान वाळवीनंही केलं नसेल. जुनी तिकिटं, जुनं टपाल जमवायच्या नादात मी जळगावहून त्याच्याकडे जायचो. त्याला वाचता येत नसे, पण कार्ड मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय तो विकत नसे. मरणाचं पत्र वाचून लगेच फाडायचं, हा रिवाज तो रद्दीलाही लावायचा.

एकदा राणीच्या काळातलं, बंद पडलेल्या टपालकचेरीच्या शिक्क्याचं कार्ड हाती लागलं. मी मूर्खासारखं खरं वाचलं. त्यानं ते तिकिटासकट टराटरा फाडलं.

"अहो आबा, हा माणूस जाऊन जमाना लोटला," मी करवादलो.

"व्हई. पन माले ते आत्तेच समजनं ना, भाऊ." भर बाजारात लोटाभर पाणी डोक्यावर ओतून त्यानं आंघोळही उरकली.

मग तसल्याच शिक्क्याचं दुसरं कार्ड निघालं. त्यातही मरणच होतं, एका बाळंतिणीचं. मी घसा खाकरून वाचलं, "मुलगी सुखरूप बाळंत झाली."

म्हातारा खुलला. शिदोरीतला गुळाचा खडा त्यानं माझ्या हातावर ठेवला, आणि मी तो खाईपर्यंत कार्ड काही सोडलं नाही.