उलट सांगणारे काका

संघातले सगळे त्यांना काका म्हणत. हुद्दा सहाय्यक प्रशिक्षक, वय अठ्ठावन्न, गळ्यात शिट्टी आणि काखेत एक छोटा पांढरा फळा. फळ्यावर बावीस रंगीत चुंबकं, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू. देशातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल साखळीत संघ सहा वर्षं टिकला तो या चुंबकांच्या जोरावर. पण हे काका आणि काकू सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुख्य प्रशिक्षकांना सगळे साहेब म्हणत. माणूस दिलदार, आवाज दणदणीत. खोड एकच. दुसऱ्याने काही सुचवलं की त्यांच्या तोंडून आधी ‘छे!’ बाहेर पडे. पहिल्या वर्षी काकांनी सतरा सूचना केल्या आणि सतरा वेळा ‘छे!’ ऐकलं. अठराव्या वेळी ते वैतागून उलटंच बोलले.

“साहेब, आज डावीकडून चढाई मुळीच नको.”

“छे! डावीकडूनच करायची!”

संघ तीन गोलांनी जिंकला.

तेव्हापासून काकांनी सरळ सल्ला देणं सोडलं. जेवणाच्या टेबलावर चुंबकं मांडून योजना पक्की करायची आणि सकाळी साहेबांच्या खोलीत ती नेमकी उलटी करून सांगायची.

“तुम्हाला काही वाटतं की नाही?” काकू विचारत.

“त्यांना जिंकल्याचा आनंद, मला जिंकवल्याचा. यात कुणाचं काय गेलं?”

हंगामाचा शेवटचा सामना आला. हरलं तर खालच्या साखळीत रवानगी. बरोबरी झाली तरी जीव वाचला. काकांनी प्रतिस्पर्ध्यांचे जुने सामने बारकाईने पाहिले. त्यांचे बचावपटू बुटके होते आणि उंच चेंडू आला की एकमेकांवरच आदळत. म्हणजे आपला सव्वासहा फुटी आघाडीवीर, ज्याला सगळे बांबू म्हणत, तो पहिल्या मिनिटापासून मैदानात हवा.

“साहेब,” काका सकाळी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “आपल्याला बरोबरी पुरे. पाच जण मागे ठेवू आणि बांबूला बाकावर बसवू.”

आणि ते ‘छे!’ची वाट पाहू लागले.

साहेब खिडकीबाहेर बघत होते. “काका, काल लेक म्हणाली, बाबा, तुम्ही कुणाचंच ऐकत नाही. मनाला लागलं हो. आज तुम्ही म्हणाल तसं.”

“छे!” या वेळी काका ओरडले. “म्हणजे, तुमचं मत काय?”

“माझं मत आज रजेवर आहे. पाच मागे, बांबू बाकावर. ठरलं.”

“पण माझं चुकू शकतं, साहेब!”

“किती नम्र माणूस!” साहेबांनी त्यांना मिठीच मारली.

चाळिसाव्या मिनिटाला गोल झाला. अर्थात समोरच्यांचा. बाकावर शेजारी बसलेला बांबू हळूच म्हणाला, “काका, मी तुमचं काय घोडं मारलंय?”

खरं सांगावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर संघ बुडणार. मध्यंतराची शिट्टी वाजताच त्यांनी साहेबांना बुटांच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं.

“साहेब, सहा वर्षं मी तुम्हाला उलटं सांगत आलोय.”

“म्हणजे?”

“मला हवं असेल त्याच्या उलट. तुम्ही नाहीच म्हणता, म्हणून.”

साहेब चिखलाने माखलेल्या बुटांकडे बघत राहिले. “तो डावीकडचा सामना?”

“हो.”

“आणि चषकाच्या उपांत्य फेरीत ऐन वेळी गोलरक्षक बदलला, ती माझी कमाल?”

“...तीही.”

“मग आत्ता सांगताय ते सरळ की उलट?”

“सरळ! शप्पथ सरळ!”

साहेबांचे ओठ सवयीने हलले. पण शब्द त्यांनी मोठ्या कष्टाने गिळला. “बोला.”

काकांनी पटापट चुंबकं सरकवली. एक बचावपटू बाहेर, बांबू आत, प्रत्येक कॉर्नर त्याच्या डोक्यावर.

एकाहत्तराव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. दोन बुटके बचावपटू एकमेकांवर आदळले, आणि त्यांच्यावरून बांबूने निवांतपणे डोक्याने चेंडू जाळ्यात ढकलला.

“आता?” साहेबांनी विचारलं.

“आता मात्र पाच मागे.”

“म्हणजे पुढे?”

“सरळ सांगतोय हो!”

सामना बरोबरीत सुटला आणि संघ वाचला. पत्रकारांनी साहेबांना गाठलं. “मध्यंतरानंतर एवढा बदल कसा झाला?”

साहेबांनी काकांच्या खांद्यावर प्रेमाने हात टाकला. “पहिल्या अर्ध्यातली योजना पूर्णपणे आमच्या काकांची. दुसऱ्या अर्ध्यात मी काही बदल केले.”

कॅमेरे काकांकडे वळले. नाही म्हणायला जागाच नव्हती. काकांनी मान डोलावली.

बाहेर पडताना ते चाचरत म्हणाले, “साहेब, माझ्या नोकरीचं...”

“उद्या नऊला या,” साहेब म्हणाले. “पुढच्या हंगामाचं काय ते सरळ सांगा. ऐकेनच असं नाही.”