तुम्हाला योग्य वाटेल ते करा

आर्डिस टोलेफसन माणसांना भीत नसे, बोलायला भीत असे. बर्फाने रस्ता निसरडा झाला तरी ही बाई शाळेची बस बिनघोर हाकणार, मागच्या कार्ट्यांना आरशातून एका नजरेत गप्प करणार. पण हॉटेलात थंडगार कॉफी आली, तर "छान आहे हं" म्हणून पिऊन टाकणार. आयोवा राज्यातल्या आमच्या नॉर्दहेम गावात आम्ही सगळे असेच. 'नाही' हा शब्द कुणी कुणाच्या तोंडावर फेकत नाही. घर जळालं तरी माणूस म्हणतो, "ठीक आहे." ऐकणाऱ्यानं काय ते ओळखावं.

त्या सुगीत मात्र आर्डिस धास्तावली होती. तिची मुलगी सोन्या लहानपणापासून इन्सुलिनवर. आजारी माणसाला विमा नाकारता येणार नाही, असा कायदा होता म्हणून निभत होतं. त्या कायद्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेलेला, आणि तिथलीच न्यायमूर्तींची एक खुर्ची रिकामी झालेली. राष्ट्राध्यक्षांनी ज्यांचं नाव पुढे केलं, ते गृहस्थ या कायद्यावर उघड तोंडसुख घेणारे. नेमणुकीला सिनेटची संमती लागते; तिथे मतं अगदी काठावर, आणि शेवटचं मत आमच्या गावच्या सिनेटरचं, रँडी हॉगरूडचं. नोव्हेंबरात त्याचीच निवडणूक. 'हो' म्हणावं तर अर्धं आयोवा बिथरणार, 'नाही' म्हणावं तर स्वतःचाच पक्ष उरावर बसणार. मग लबाडानं काय करावं? "मी लोकांचं ऐकतोय" म्हणत गावोगाव जेवणं झोडत सुटला!

आमच्या चर्चच्या सुगीच्या जेवणालाही तो येणार, असं कळलं.

"आई, त्याला फक्त 'नको' म्हण," सोन्या म्हणाली. "वृद्धाश्रमात माझी कामाची पाळी आहे, नाहीतर मीच सुनावलं असतं. म्हण बघू."

"नको."

"बुटांना काय सांगतेस? माझ्याकडे बघून म्हण."

पोरीचा चेहरा हसरा होता, पण कोटाची बटणं तिनं दोनदा चुकीच्या काजात लावली. ते आर्डिसनं पाहिलं. उद्या विमा गेला, तर ही पोर इन्सुलिन पुरवून पुरवून घेईल आणि आपल्याला कळूही देणार नाही. रिकामी बस चालवताना ती सारखी घोकत राहिली, "नको, रँडी. नको, रँडी."

चर्चच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. रँडी थेट कॉफीच्या टेबलाशी आला, मागून कॅमेरेवाले. आर्डिसच्या धाकट्या भावाचा हा वर्गमित्र. तिच्याच स्वयंपाकघरात बसून पॅनकेक हाणलेले.

"आर्डिस! सोन्या कशी आहे?" त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला. "या न्यायमूर्तींचं काय करू मी? तूच सांग."

सगळं तळघर वळून बघायला लागलं. शेजारी पाद्रीबाबा, समोर ज्यांच्या अंगणात रँडीच्या नावाच्या पाट्या होत्या ते सगळे शेजारी. आर्डिसनं दुसऱ्या हातातली किटली टेबलावर ठेवली. 'नको' ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडकला. मग तिला येत होतं त्यातलं सगळ्यात कडक वाक्य तिनं काढलं.

"सिनेटरसाहेब, तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

बापरे! स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातून झारा पडला. नवरा मर्ल घास तोंडाशी नेता नेता थांबला. रँडीला 'सिनेटरसाहेब'? आणि वर 'योग्य वाटेल ते करा'? आमच्या गावात यानंतर माणसं दहा-दहा वर्षं एकमेकांच्या दारात जात नाहीत. स्वयंपाक सांभाळणाऱ्या ग्लॅडिसनं तिला आत ओढलं. "अगं, इतकं तोडून बोलतात का? चारचौघांत!"

रँडीनं मान डोलावली, हसला, पुढच्या टेबलाकडे गेला.

घरी आल्यावर सोन्यानं तिला घट्ट मिठी मारली. "तू? तू असं म्हणालीस? शाब्बास, आई!" पण आर्डिसच्या जिवाला घोर लागला. आपण फार बोललो का? तो डूख धरून उलट मत देईल का? दुसऱ्या दिवशी तिनं डबाभर भोपळ्याच्या वड्या त्याच्या कचेरीत पोचवल्यासुद्धा.

सिनेटमधल्या मतदानाच्या दिवशी तिघं टीव्हीसमोर बसली. आर्डिसनं सोन्याचा हात धरून ठेवला होता. रँडी उठला, चष्मा लावला.

"माझ्या राज्यातली एक आई," तो म्हणाला, "मुलगी आजारी, तरी मनाचा मोठेपणा बघा. ती मला म्हणाली, 'सिनेटरसाहेब, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.' हा विश्वास माझ्या पाठीशी आहे. माझं मत, हो."

बारा वर्षं वॉशिंग्टनचं पाणी प्यायलेला माणूस. गावची बोलीच विसरला, मेला! की विसरल्याचं सोंग केलं, देव जाणे.

मर्लनं टीव्ही बंद केला. आर्डिसला बाहेर शेजाऱ्यांची गाडी थांबलेली दिसली. अंगणात रँडीच्या पाट्या लावणारी ती माणसं, टीव्हीवर तिचं कौतुक झालं म्हणून अभिनंदन करायला आली होती. तिनं सोन्याकडे पाहिलं.

"सोन्या, मी... मला 'नको'च म्हणायचं होतं गं."

सोन्यानं आपला हात हळूच सोडवून घेतला आणि ती कोट घालायला उठली.

"ठीक आहे, आई," ती म्हणाली.