तळ्याच्या गेटवर बदकं मोजणारे दाऊदचाचा

किस्से साचतात कसे, सांगू? ऐकणारं माणूस जवळ नसलं की साचतात! अबुधाबीपासून दोन तास आत, वाळवंटातल्या एका खाजगी शिकार-तळ्याच्या गेटवर आम्ही दोघंच. मी आणि श्रीवर्धनचे दाऊदचाचा. काम एकच, पाहुण्यांनी मारलेली बदकं जातवार मोजायची. माणशी मुभा ठरलेली: हिरव्या डोक्याची पाच, थापट्या दोन, तलवार बदक एक. भिवई बदक मात्र मारायचंच नाही.

*

एका पाहुण्याकडे दहा हिरवी डोकी निघाली. म्हणाला, "हबीबी, फाइव्ह फॉर माय वाइफ!"

चाचांनी गाडीत डोकावून पाहिलं. "मॅडम किधर?"

"दुबई. स्लीपिंग."

"उठेगी तो खुद मारेगी. पाच इधर रखो!"

*

पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. माद्या सगळ्या तपकिरी! मी सरसकट हिरव्या डोक्याच्या रकान्यात टाकल्या. त्यात तीन तलवार होत्या.

"तोंड काय बघतोस?" चाचा खेकसले. "पंख उघड! जात पंखात असते."

*

पुण्याला लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, सो यू जस्ट काउंट डेड डक्स?"

"जातवार मोजतो गं."

"ओके. क्लास आहे, बाय!"

त्या दिवशी तळ्यावर एकही पाहुणा आला नाही. फार एकटं वाटलं.

*

चाचांचा मुलगा फोनवर नेहमी म्हणायचा, "अब्बा, ठेवतायत तवर रहा." चाचा "इन्शाल्ला" म्हणायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. बावीस वर्षं झाली होती. त्यांना घरी जायचं होतं, पण स्वतःहून सोडून आलो म्हणायची सोय नव्हती.

*

मग मॅनेजरला चाचांच्या मोतीबिंदूचा सुगावा लागला. त्याने परीक्षाच ठेवली! फ्रीझरमधल्या जप्त बदकांतल्या पाच माद्या. एक जरी जात चुकली तरी खलास, घरी!

चाचा गेले तर मी बोलणार कुणाशी? चाचांनी मात्र बॅग भरून तिला दोरीसुद्धा बांधली.

सकाळी त्यांनी एकेक पंख उघडला, बोटं फिरवली, डोळ्यांजवळ नेला. "हिरवं डोकं. तलवार. थापट्या. तलवार." पाचव्यापाशी थांबले. बराच वेळ थांबले.

"भिवई," म्हणाले.

"शाबाश चाचा!" मॅनेजर म्हणाला. "और दो साल!"

खोलीवर आल्यावर मी ओरडलोच, "चाचा, एक चुकवायचं होतं ना!"

चाचा बॅगेची दोरी सोडत होते.

"भिवईला तलवार म्हणू?"