पाव नंबराचा फरक

आमच्या मामाच्या चष्म्याच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी घाबरतं आणि मग चष्मा घेतं. दुकान इतकं अरुंद की अक्षरांचा तक्ता पुरेसा लांब टांगायला जागाच नाही. म्हणून मामानं उलट्या अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे लावलाय आणि समोर मोठा आरसा. आरशात अक्षरं सुलट होतात आणि अंतरही दुप्पट होतं. पण नवखा माणूस हमखास मान वळवून मागे बघतो, आणि ती उलटी अक्षरं पाहून त्याला वाटतं की आपले डोळे कामातून गेले. मामाला यात काही गैर वाटत नाही. घाबरलेला माणूस खरं बोलतो, असं त्याचं म्हणणं आहे.

खरं बोलायचं म्हणजे काय, तर मामा नाकावर ती जड तपासणीची चौकट ठेवतो, पेटीतली भिंगं एकामागून एक तिच्यात सरकवतो आणि विचारतो, “हे बरं, का हे बरं?” या प्रश्नाचं एकच उत्तर त्याला चालत नाही. ते म्हणजे “दोन्ही सारखंच.” एखादा असं म्हणाला की मामाच्या कपाळावर आठी चढते. सारखं असूच शकत नाही, तुम्ही नीट बघत नाही, पाव नंबराच्या फरकानं माणूस पायरी चुकतो आणि तोंडावर आपटतो, हे त्याचं भाषण आमच्या घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. माझ्या लग्नाच्या वेळी दोन साड्यांतली कुठलीही चालेल असं मी म्हणाले, तर त्यानं मला खिडकीशी उजेडात उभं करून चांगलं झापलं होतं.

आणि हाच मामा निवडणूक आली की म्हणायचा, “दोघेही सारखेच. मी जाणार नाही.”

या वेळी आमच्या भागातून दोघं उभे होते. हे मात्र खरं की दोघांपैकी कुणालाही आपण होऊन घरी चहाला बोलवलं नसतं. एक दर वेळी निवडून येणारा. त्याला सगळे उद्यासाहेब म्हणायचे, कारण कुठलंही काम घेऊन गेलं की तो खांद्यावर हात ठेवून “उद्या बघू” म्हणायचा. दुसरा कंत्राटदार. तो काहीच पुढे ढकलत नसे, हीच त्याची पंचाईत होती. कोपऱ्यावरचा सरकारी दवाखाना पाडून तिथे गाड्या लावायची इमारत बांधणार, हे तो राजरोस सांगत हिंडत होता.

त्या दवाखान्यात माझी आई जायची. तिची डावी बाजू लुळी पडली होती, आणि तिथल्या व्यायामाच्या बाईंनी दामटून दामटून तिला पुन्हा चालतं केलं होतं. दवाखाना अर्धाच दिवस उघडा असायचा. दाराशी पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांना कठडा नव्हता. उद्यासाहेबांनी तो कबूल केला होता, म्हणजे कधी होणार ते तुम्हाला कळलंच असेल. तरीही आई काठी टेकत, कुणाचा तरी हात धरत वर चढायची. दवाखाना गेला असता तर पुढचा दवाखाना दोन बस बदलून होता, आणि आईला एका बसची पायरीसुद्धा जमत नव्हती. व्यायाम सुटला असता तर ती पुन्हा अंथरुणाला खिळली असती. मला त्याची भीती वाटत होती, आणि मामाचा खरंच राग येत होता.

मामाकडे मुद्दा होता, नाही असं नाही. दर वेळी कमी वाईट निवडत गेलो की वाईटच निवडायची सवय लागते, आणि ते दोघेही आपल्याला गृहीत धरतात, असं तो म्हणायचा. वर, माझ्या एका मतानं कुणाचं काय अडणार आहे? मी वाद घालायचे आणि हरायचे. आई नुसती ऐकायची.

मतदानाच्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, चल, मामाकडे जाऊ, मला डोळे तपासायचेत. मामा सुट्टी असूनही दुकानात बसून काचा पुसत होता. बहीण आली म्हणून खूश झाला, तिला खुर्चीत बसवलं, चौकट चढवली आणि विचारलं, हे बरं, का हे बरं?

“दोन्ही सारखंच,” आई म्हणाली.

मामानं भिंगं बदलली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मामाची आठी आता थेट टकलापर्यंत पोचली.

“ताई, सारखं नसतं गं. दोन्हींत धूसर दिसत असेल, मान्य आहे. पण कमी धूसर कुठलं, तेवढं सांग. तू काहीच सांगितलं नाहीस तर मी पुढचं भिंग लावू कसं?”

आई आरशातून त्याच्याकडे बघत राहिली. त्या चौकटीमागे तिचे डोळे एवढे मोठे दिसत होते की मलाच हसू आवरेना. मामा हातातलं भिंग तसंच धरून उभा राहिला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो चिडला.

“चष्म्याची गोष्ट वेगळी आहे.”

“असेल,” आई म्हणाली. “तुझं म्हणणंही बरोबर असेल. पण तुझं म्हणणं सांभाळायला मला दोन बस बदलाव्या लागतील रे.”

मामानं तिच्या नाकावरची चौकट काढली, नेहमीपेक्षा जरा हळूच. शटर ओढलं, तिच्या डाव्या बाजूला येऊन हात धरला, आणि मतदानाच्या शाळेपर्यंत रस्ताभर दोन्ही उमेदवारांना शिव्या देत गेला.

उद्यासाहेब भरघोस मतांनी निवडून आले. मामानं लगेच जाहीर केलं की त्याच्या मताची काही गरजच नव्हती. आई म्हणाली, बरं. दवाखाना राहिला, अर्धाच दिवस राहिला, आणि कठडा उद्यावरच राहिला. मामा मात्र बदलला. पूर्वी तो नुसता बसल्या जागी कुरकुरायचा. आता उद्यासाहेबांच्या कार्यालयात जाऊन कुरकुरायला लागला. मी माझं मत या माणसावर वाया घालवलंय, असं तो सगळ्यांना ऐकवायचा, उद्यासाहेबांच्या तोंडावरसुद्धा.

आणि मग एक दिवस उद्यासाहेबच दुकानात आले. वाचायला त्रास होत होता. मामानं नंबर काढला, चष्मा केला, डबीत घालून फडताळात ठेवला. साहेब न्यायला आले तर म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी आले, उद्या या. डबी समोर दिसत होती. साहेबांनी तिच्याकडे बोट दाखवलं, तर मामानं टेबलाच्या पलीकडून हात लांब करून त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, “चष्म्याच्या काडीचं जरा काम राहिलंय. दवाखान्याच्या कठड्यासारखं.”

साहेबांना सभेत भाषण वाचून दाखवायचं होतं. कठडा आला.

तो बसवला त्या सकाळी आम्ही तिघं गेलो. कठडा एका बाजूला झुकलेला होता आणि रंग अर्ध्यावरच संपला होता. आईनं काठी माझ्या हातात दिली आणि उजव्या हातानं तो धरून पाहिला.

“हलतोय,” ती म्हणाली.

मामानं मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. त्याला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं, ते त्यानं गिळलं.

“पाव नंबर,” तो म्हणाला.

आईनं आधाराला कुणाचा हात मागितला नाही. हलणारा कठडा धरून ती एकटी वर गेली, आणि मामा खाली स्वतःचा चष्मा पुसत उभा राहिला.