युनहाच्या फ्रीजरमधला डबा

कोरियातल्या मोक्पो बंदराच्या मासळीबाजारात जोमरेबाईंना स्वयंपाकातलं काही शिकवायला जाणाऱ्याची खैर नसे. तीस वर्षं खेकडे सोलून बोटं वाकडी झाली होती, पण हाडांचं सूप दोन दिवस उकळून दुधासारखं पांढरं करण्यात आणि ते गोठवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सूप पुरतं निवू द्यायचं. डब्यात वर दोन बोटं जागा सोडायची, नाहीतर गोठताना ते फुगून झाकण उडवतं. वर चरबीचा थर धरतो, तो काढायचा नाही. आणि एकदा वितळलेलं सूप पुन्हा म्हणून गोठवायचं नाही. हा शेवटचा नियम मोडणाऱ्या शेजारणीशी त्या आठवडाभर बोलत नसत.

मुलगी युनहा सोलला नोकरीला लागली, तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी डब्यांचं खोकं बसने तिच्याकडे जाई आणि रिकामे डबे घासूनपुसून परत येत. फोनवर बाईंचा प्रश्न ठरलेला, जेवलीस का? युनहाचं उत्तरही ठरलेलं, जेवले गं, डब्याचा तळ गाठला. रिकामा डबा हातात आला की जोमरेबाईंचंच पोट भरायचं.

ऑक्टोबरात इस्पितळातून फोन आला. पोटाचा कॅन्सर होता, आणि पोरीने आईला शेवटपर्यंत ॲसिडिटी सांगितली होती. तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. डॉक्टर म्हणाले, मार्चपासून हिच्या पोटात अन्न ठरत नसणार. ते वाक्य बाईंच्या काळजात रुतून बसलं. मग डबे रिकामे कसे येत होते? आपल्या हातचं तिने खाल्लं की नाही, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. दुसरं काही विचारायचं उरलंच नव्हतं.

खोली आवरायला त्या सोलला गेल्या. युनहाबरोबर राहणारी सोग्योंग दारातच रडायला लागली, तिला बाजूला सारून बाईंनी फ्रीजर उघडला. मागच्या कोपऱ्यात एकच डबा होता. चिकटपट्टीवर त्यांच्याच अक्षरात मार्चची तारीख. झाकण काढलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. चरबीच्या थराचा चुरा झालेला, बर्फ गढूळ आणि खरखरीत. हे सूप कितीदा तरी वितळवून परत गोठवलेलं होतं.

"सांगून सांगून जीभ झिजली माझी," त्या म्हणाल्या. "एवढं साधं ऐकलं नाही कार्टीने."

सोग्योंग खाली बघत म्हणाली, "काकू, बाकीचे सगळे डबे मी खाल्ले. ती समोर बसून खायला लावायची. डबा भरलेला परत गेला तर आईला कळेल, म्हणायची."

"आणि हा?"

"हा तिचा. रोज संध्याकाळी कोमट करायची आणि भांड्यावर तोंड धरून बसायची. घोटभरही जात नव्हतं. मग परत गोठवून ठेवायची. मला हात लावू द्यायची नाही."

जोमरेबाईंनी त्या मुलीच्या भरल्या गालांकडे पाहिलं. आपलं सूप कुणाच्या अंगी लागलं ते समोर दिसत होतं, आणि क्षणभर त्यांना तिचा भयंकर राग आला. मग रागही टिकेना.

"मीठ बरोबर असायचं का गं?" त्यांनी विचारलं.

"बरोबर असायचं, काकू."

बाईंनी डबा भांड्यात उपडा केला आणि बारीक आचेवर ठेवला. सूप कोमट झाल्यावर त्या भांड्यावर वाकल्या आणि वाफेत तोंड धरून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. सूप अजून पांढरं होतं, वर चरबी तरंगत होती. वास मात्र येत नव्हता. तो युनहाने खाऊन संपवला होता.